प्राणदंडाच्या वाटेतले अडसर

(माणगाव येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



दिवंगतांच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत मृत्यूचाच विषय काढणे कित्येकांना औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या मृत्यूविषयी मी बोलणार आहे तो काळाने आणलेला नसून, कायद्याने ठरवून, कागदावर लिहून, दिवस आणि घटका नेमून, आपणां सर्वांच्या नावाने घडवून आणलेला मृत्यू आहे. आणि जे आपल्या नावाने होते त्याचा विचार आपण उघड सभेत बसून करावा, यात अनौचित्य तर नाहीच, उलट तो नागरिकधर्मच आहे, असे मी मानतो.

हा विषय या भूमीला परका नाही. येथून निजामपुरावरून पाचाडची वाट धरून रायगड चढले की टकमक टोक लागते. गुन्हेगारांचा कडेलोट तेथून होत असे, असे परंपरा सांगते. पश्चिमेकडे, पूर्वी याच तालुक्यात मोडणारी कुड्याची लेणी आहेत, आणि ती ज्या भिक्षूंच्या वर्षावासासाठी कोरली गेली त्यांचे पहिलेच व्रत प्राणिहिंसेपासून परावृत्त राहण्याचे होते. आणि खुद्द या गावात सत्र न्यायालय आहे, जेथे खुनाच्या फिर्यादी चालतात आणि ज्याच्या आसनावर बसणाऱ्या न्यायाधीशाला मृत्युदंड फर्माविण्याचा कायदेशीर अधिकार आहे. राजसत्ता, धर्म आणि कायदा, तिघांचीही ठाणी अशी आपल्या दाराशी आहेत.

प्राणदंड असावा की नसावा, असा सरळ प्रश्न घालून दोन पक्षांचे मुद्दे मोजीत बसण्याचा माझा विचार नाही. मला दिसलेली एक गोष्ट आपणांपुढे ठेवावयाची आहे. प्राणदंडाला मान्यता देणारा कोणताही धर्म, कोणतीही स्मृती वा कोणतीही संहिता घ्या. तिने हा दंड राजाच्या हाती निष्कंटक दिलेला नाही. कोणी त्याच्या वाटेत मुदत घातली, कोणी क्षमेचा अधिकार ठेवला, कोणी पुराव्याची अट कडक केली, कोणी वरिष्ठ न्यायासनाची मंजुरी सक्तीची केली. ज्या शिक्षेवर तिच्या पुरस्कर्त्यांचाच पुरता भरवसा नव्हता, तिच्यासाठीच एवढे अडसर लागले. आणि लोकक्षोभाची मागणी मात्र प्रत्येक युगात एकच राहिली, की हे अडसर काढा.

प्रथम धर्माची बाजू पाहू. दंड हा राजधर्माचा कणा आहे, ही आपल्या शास्त्रकारांची भूमिका निःसंदिग्ध आहे. राजाकडून दंड भोगलेला पापी शुद्ध होऊन पुण्यवंतासारखा स्वर्गाला जातो, येथपर्यंत मनुस्मृती म्हणते. तथापि ज्या महाभारतात दंडाची एवढी थोरवी गायिली आहे त्याच्याच शांतिपर्वात राजा द्युमत्सेन आणि सत्यवान या पितापुत्रांचा एक संवाद आहे. वधार्ह ठरलेल्या माणसांना वधस्थानाकडे नेले जात असता पुत्र पित्याला हटकतो. पिता म्हणतो, दुष्टांना मारले नाही तर मर्यादा राहणार कशी? पुत्राचे उत्तर असे, की एका दस्यूला मारताना राजा त्याच्या निरपराध स्त्रीला, मातापित्यांना आणि मुलांनाही मारीत असतो. दुर्जनही कधी सत्संगाने पालटतो आणि दुर्जनाच्या पोटी सज्जन निपजतो. म्हणून समूळ उच्छेद करण्यापेक्षा अन्य उपायांनी शासन करावे. पिता येथे पुरता हार खात नाही, आणि व्यासांनीही निकाल एकतर्फी लिहिलेला नाही. पण वधाच्या मार्गावर उभे राहून राजाला प्रश्न विचारणारा तरुण त्यांनी राजाच्याच घरात जन्माला घातला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

बौद्ध परंपरेत अहिंसा मूलभूत. तरीही अशोकासारख्या धर्मनिष्ठ सम्राटाने मृत्युदंड सर्वस्वी उठविला नाही. त्याने काय केले ते त्याच्या स्तंभलेखात नमूद आहे: मृत्युदंड झालेल्या बंदिवानाला तीन दिवसांची मुदत मिळे, की तेवढ्यात त्याच्या आप्तांनी त्याच्या प्राणांसाठी रदबदली करावी, आणि ती फळाला न आली तर त्याने दानधर्म वा उपवास करून परलोकाची तजवीज करावी. आज ज्याला आपण दयेचा अर्ज म्हणतो त्याची ही बावीसशे वर्षांपूर्वीची आवृत्ती होय.

आपल्या गोरेगाव, मोर्बे, म्हसळा या बाजूच्या मुसलमान बांधवांच्या धर्मशास्त्रात खुनाबद्दल किसासचा, म्हणजे प्राणाच्या बदल्यात प्राण घेण्याचा, अधिकार मयताच्या वारसांना आहे. पण त्याच शास्त्रात वारसांनी रक्ताची भरपाई घेऊन किंवा न घेताही क्षमा करावी, यालाच अधिक पुण्यप्रद मानले आहे. आणि हद्दीच्या, म्हणजे धर्माने ठरवून दिलेल्या, कठोर शिक्षा संशयाला जागा असेल तेथे टाळाव्या, असा फकीहांचा, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांचा, दंडक आहे. ख्रिस्ती धर्मपीठाने अनेक शतके राजाचा हा अधिकार मान्य केला होता; २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमन कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात दुरुस्ती करून प्राणदंड अग्राह्य ठरविला. धर्म निरनिराळे, त्यांच्या स्वर्गनरकाच्या कल्पना निरनिराळ्या. पण वधाच्या आधी क्षणभर थांबा, हे सांगण्यात त्यांचे मतैक्य आहे.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. १६८१ साली छत्रपती संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस आदी मातब्बर मंडळींना प्राणदंड झाला. ही घटना येथून फार दूर नसलेल्या सुधागडाच्या परिसरात घडल्याचे सांगतात. पैकी बाळाजी आवजींविषयी महाराजांना मागाहून पश्चात्ताप झाला आणि त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांना त्यांनी पदरी घेतले, असा बखरींचा कथाभाग आहे. खंडो बल्लाळांनी पुढे तीन छत्रपतींची निष्ठेने सेवा केली, हे तर सर्वश्रुतच आहे. राजाला चूक उमगली तर तो पुत्राला चिटणिशी देऊ शकतो. पित्याला प्राण देऊ शकत नाही.

मराठी मनावर ज्या एका मृत्युदंडाची मुद्रा सर्वांत खोल उमटली आहे तो रामशास्त्री प्रभुणे यांनी सांगितलेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशीअंती शास्त्रीबोवांनी खुद्द गादीवर बसलेल्या रघुनाथरावांना, तुम्हांला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज गती नाही, असे बजावले आणि ते पुणे सोडून निघून गेले. ही कथा आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. पण तिचा उत्तरार्ध क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो. ते प्रायश्चित्त कधी अमलात आले नाही. रघुनाथराव दहा वर्षांनी, १७८३ साली, कोपरगावी निवर्तले. आपल्या न्यायपरंपरेचे भूषण मानला गेलेला देहदंड असा कागदावरही नव्हता आणि सुळावरही नव्हता. तो केवळ एका निःस्पृह माणसाच्या वाणीत होता. म्हणजे शास्त्रीबोवांची थोरवी रघुनाथरावांच्या मरणाने सिद्ध झालेली नाही. गुन्हा शाबीत करून सत्ताधीशाच्या तोंडावर सांगण्याने ती सिद्ध झाली. न्यायाला धार येते ती निर्भय तपासाने आणि निर्भय निकालाने. फासाचा दोर हा त्या धारेचा पर्याय नव्हे.

उलट चित्र पाहावयाचे तर त्याच पुण्यात अठरा वर्षांनी पाहावे. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले तेलंग ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि नाना फडणिसांनी कोतवालाला जमावाच्या स्वाधीन केले. दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. घाशीराम जुलमी होता यात वाद नाही. परंतु त्याला पोसणारा कारभार कोणाचा, त्याच्यावर देखरेख कोणाची, या प्रश्नांचा निकाल त्या दगडांच्या वर्षावात कायमचा गाडला गेला. जमावाची शिक्षा गुन्हेगाराला संपविते आणि गुन्ह्याच्या चौकशीलाही संपविते.

जुन्या व्यवस्थेतला आणखी एक अडसर सांगितला पाहिजे, कारण तो लाजिरवाणा आहे. मनुस्मृतीने ब्राह्मणाला प्राणान्त दंडाऐवजी मुंडन सांगितले, आणि पेशवाईतही ब्राह्मणाला देहान्त शासन न देता किल्ल्यावर अटकेत ठेवण्याचा रिवाज होता. अडसर चांगला, पण तो जात पाहून उघडमीट होणारा. ही विषमता कायद्याच्या पुस्तकातून गेली. व्यवहारातून कितपत गेली, ते पुढे पाहू.

कायद्याची हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या अमदानीत १८२७ च्या नियमसंग्रहाने फौजदारी शिक्षांना एकसूत्रीपणा आणला. १८६० च्या दंडसंहितेने खुनाला मृत्यू किंवा जन्मठेप अशा दोनच शिक्षा ठेविल्या. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असा दंडक होता, की मृत्युदंडास पात्र अपराध शाबीत होऊनही न्यायाधीशाने कमी शिक्षा दिली तर तिची कारणे त्याने लिहावी. म्हणजे मृत्यू हा नियम होता आणि जीवदान हा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीने तो दंडक गेला, आणि १९७३ च्या संहितेने चक्र पुरते उलटे फिरविले: मृत्युदंड द्यावयाचा तर त्याचीच विशेष कारणे लिहिणे आवश्यक झाले. ९ मे १९८० रोजी बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा दंड घटनेशी सुसंगत ठरविला, पण तो केवळ ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणी द्यावा असे बंधन घातले. न्यायमूर्ती भगवती यांनी भिन्न मत नोंदविले. त्या पीठाचे प्रमुख आपले यशवंतराव चंद्रचूड होते. आणि १९८३ साली, जन्मठेपीच्या कैद्याने खून केल्यास त्याला फाशी सक्तीची करणारे दंडसंहितेचे ३०३ वे कलम ज्या पीठाने रद्द ठरविले त्याचेही प्रमुख तेच होते. न्यायाधीशाला विचार करण्याची मोकळीक न ठेवणारा मृत्युदंड हा न्याय नव्हे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

आज २०२४ च्या जुलैपासून नव्या संहिता अमलात आल्या आहेत; कलमांचे क्रमांक बदलले, पण अडसरांची ठेवण तीच आहे. माणगावच्या सत्र न्यायालयाने उद्या कोणाला मृत्युदंड दिला, तर तो निकाल आपल्या पायांवर उभा राहू शकत नाही. आरोपीने अपील करो वा न करो, सारे दप्तर शिक्षा कायम करण्यासाठी मुंबईस उच्च न्यायालयाकडे रुजू करावेच लागते, आणि तेथे किमान दोन न्यायमूर्तींच्या सह्या झाल्यावाचून दोराला हात लागत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, पुनर्विचाराचा अर्ज, आणि अखेरीस राज्यपाल व राष्ट्रपती यांच्यापुढे दयेची याचना.

हे अडसर घटनेत घालण्याचा विचार चालू असताना, ३ जून १९४९ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनासमितीत काढलेले उद्गार या जिल्ह्याने तरी विसरू नयेत, कारण शेजारच्या महाडच्या चवदार तळ्यावर मनुष्यत्वाचा हक्क बजावणारा तोच हा पुरुष. मृत्युदंडाच्या प्रत्येक प्रकरणी सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सोय असावी की नाही, असा वाद होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की अशी सोय करण्यापेक्षा ती शिक्षाच रद्द करणे मला अधिक पसंत पडेल. या देशातले लोक आचरणात अहिंसा पाळीत नसले तरी तिला नैतिक आदेश म्हणून मानतात, आणि त्या श्रद्धेशी सुसंगत असे हेच. त्यानंतर अवघ्या साडेपाच महिन्यांनी, १५ नोव्हेंबर १९४९ रोजी, अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली. ज्यांच्या पित्याचा खून झाला होता त्या मणिलाल आणि रामदास गांधींनी मारेकऱ्यांना जीवदान मिळावे म्हणून खटपट केली होती. शासनाने ती मानली नाही. खुनाने ज्यांचे सर्वाधिक नुकसान झाले तेच मारेकऱ्यांसाठी क्षमा मागत होते, आणि राष्ट्र मात्र सूड मागत होते.

लोकमताची निर्भर्त्सना करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. १९७६-७७ साली पुण्यात कलाशाळेतल्या चार विद्यार्थ्यांनी दहा जणांचे गळे आवळले, तेव्हा तिन्हीसांजेलाच घराघराच्या कड्या लागत. त्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्यांना निर्दय म्हणवत नाही. खैरलांजी, कोपर्डी, मुंबईवरचा हल्ला, या प्रत्येक वेळी जो क्षोभ उसळला त्याच्या मुळाशी न्यायाचीच तहान होती. परंतु हा क्षोभ जे मागतो ते त्याला सहसा मिळत नाही, आणि जे मिळते ते त्याने मागितलेले नसते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींना २००१ साली मृत्युदंड झाला. २००६ साली तो सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. आणि दयेच्या अर्जांचा निकाल लावण्यात सरकारी दप्तरांनी सात वर्षांहून अधिक काळ घालविल्यामुळे २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. ज्यांची लेकरे गेली त्यांना वीस वर्षे फाशीच्या आशेवर ठेवून, अखेर जे पहिल्याच दिवशी देता आले असते तेच हाती दिले. मृत्युदंड मयताच्या आप्तांना समाधान देतो म्हणतात. त्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात तारखा येतात.

आता ज्या एका प्रकरणाने माझे स्वतःचे मत निश्चित केले ते जरा विस्ताराने सांगतो. २००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळ शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना मृत्युदंड दिला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तिघांचा कायम केला आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा मृत्युदंडाखाली आणले. म्हणजे जो अडसर शेवटचा आणि सर्वांत भक्कम, त्यानेच वाट अधिक मोकळी करून दिली. पुढे त्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, असे निष्पन्न झाले. आणि ५ मार्च २०१९ रोजी पुनर्विचारात त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडले.

सोडण्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. त्या रात्रीतून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने दोनच दिवसांनी पोलिसांच्या दप्तरातली छायाचित्रे पाहून चार इसम ओळखले होते, आणि ते चौघे या सहांपैकी नव्हते. ती नोंद झालेली होती. कागद अस्तित्वात होता. पण त्या चौघांचा तपास झाला नाही. न्यायालयाने सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम राज्य शासनाला केला आणि कसूरदार पोलीस अधिकाऱ्यांच्या चौकशीचे आदेश दिले. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. एका मृत्युदंडाच्या कैद्याला बाहेर फिरणाऱ्या जगापासून वेगळ्या कोठडीत दर सकाळी काय वाटते, याचे मोल ५ लाखांत बसते की नाही हे आपण ठरवावे. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की २००९ चा निकाल तत्परतेने अमलात आला असता तर २०१९ चा निकाल सहा थडग्यांना वाचून दाखवावा लागला असता. ज्या विलंबाला आपण सभांतून शिव्या देतो त्या विलंबानेच सहा प्राण वाचविले.

ते भटके होते, निर्धन होते, त्यांच्या बाजूने बडा वकील उभा राहण्याजोगी ऐपत नव्हती. हेही येथे विसरू नये. मनूने जात पाहून अडसर घातला होता, आमच्या व्यवहारात तो ऐपत पाहून घातला जातो. पुरावा तपासण्याची, साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची, दप्तरातला विसरलेला कागद हुडकून काढण्याची शक्ती ज्याच्यापाशी नाही, त्याच्या वाटेतले अडसर कागदावर असूनही नसल्यासारखेच असतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला धाकाचा. विधि आयोगाने १९६७ च्या आपल्या अहवालात फाशी ठेवावी असे म्हटले होते. त्याच आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात, जन्मठेपीपेक्षा फाशीचा धाक अधिक असल्याचे सिद्ध होत नाही असे सांगून, दहशतवादी अपराध वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली. आपल्या शेजारचाच दाखला हवा तर गोव्याचा आहे: पोर्तुगालने १८६७ साली सर्वसाधारण अपराधांपुरता मृत्युदंड उठविला आणि १८७० साली ती सवलत वसाहतींना लागू केली, म्हणजे आमच्याकडे येरवडा आणि ठाणे येथे फाशी चालू असताना सावंतवाडीच्या पलीकडे खुन्याला फाशी नव्हती. त्यामुळे पोर्तुगीज सत्ता दयाळू ठरत नाही. १९५५ साली निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारी तीच. पण फाशीवाचून समाज कोसळतो, हे भाकीत तेथे नव्वद वर्षे खोटे ठरले, एवढे नाकारता येत नाही.

दुसरा आक्षेप, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांत मोकळा, असा. हा समज कायद्याला धरून नाही. जन्मठेप म्हणजे मूलतः उरलेले सारे आयुष्य. सूट देणे न देणे शासनाच्या हाती असते, आणि २००८ पासून सर्वोच्च न्यायालयाने ठराविक वर्षे सूट मिळणारच नाही अशी मुदत घालण्याचा अधिकार मान्य केला आहे. खैरलांजीच्या आरोपींना उच्च न्यायालयाने २५ वर्षांची कैद दिली ती याच विचाराने. समाजाला धोकादायक माणसापासून दूर ठेवण्यासाठी त्याला मारणे आवश्यक नाही. आणि उद्या तो निरपराध ठरला तर दार उघडता येते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: धर्मांनी आणि कायद्यांनी हजारो वर्षे जे अडसर रचले त्यांच्या तर्काचे शेवटचे पाऊल म्हणजे ही शिक्षाच मागे घेणे. ते पाऊल संसदेने टाकावयाचे आहे, आणि ते केव्हा पडेल ते मी सांगू शकत नाही. परंतु माणगावच्या नागरिकांच्या हाती जे आहे त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी या तालुक्यात एखादी अमानुष घटना घडेल, मोर्चा निघेल, तहसीलदारांना निवेदन जाईल. त्या निवेदनात ‘ताबडतोब फाशी द्या’ हे मागणे न लिहिता, तपास सक्षम अधिकाऱ्याकडे द्या, पंचनामा आणि साक्षी चोख होऊ द्या, मयताच्या कुटुंबाला आधार द्या, असे लिहावे. आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव वकीलसंघात येईल, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरविले आहेत याची आठवण एखाद्या तरुण वकिलाने उभे राहून द्यावी, आणि त्याच्या घरावर दगड पडणार नाहीत एवढी हमी बाकीच्यांनी घ्यावी. खरा गुन्हेगार सापडावा, ही मयताच्या आप्तांची आणि आरोपीच्या वकिलाची समाईक गरज आहे. चुकीचा माणूस फासावर गेला की खरा खुनी कायमचा निर्धास्त होतो, हे त्या संतप्त क्षणी गावाला सांगण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी असेल तेच रामशास्त्र्यांचे वारस.